आज हळद कुणाची

सुनयना बाई : ज्ञानेश्वरीच्या आई, दार लोटू नका. दोन मिनिटं ऐका माझं.

शालन : पोरगी मोरीत भिजत बसलीय, बाई. माझ्याकडं दोन मिन्टं न्हाईत.

सुनयना बाई : अहो, पण किती घासताय तिला? तिचं रडणं पार कोपऱ्यावरच्या पीसीओपर्यंत येतंय.

शालन : मग काय करू? साबण लावला, बेसन लावलं, खोबरेल लावलं. गाल सोलून निघालं, पिवळं काय जाईना. तुमी रंग म्हणाला हुता. पिवळा रंग.

सुनयना बाई : रंगच सांगितला होता मी. वॉटर कलर. पाण्यानं जातो तो.

शालन : मग ही हळद कुठनं आली? तेलात कालवलेली, खरी?

पुतळा : मी दिली.

शालन : मावशी, तुमी?

पुतळा : मीच. माजे नातीनं, सुचितानं मागली, मी दिली. देवाऱ्यातली वाटी दिली. वट्यावर बसून कवाची आयकतंय, म्हनून आत आयले. बाईंना कनाला बोलतेस? मना बोल.

सुनयना बाई : आजी, तुम्ही? सुचितानं मला सांगितलं नाही. प्रॅक्टिस चालू झाली आणि मी हॉलमध्ये चार्ट लावत होते. बघते तर ज्ञानेश्वरीच्या तोंडाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, आणि सुचिता डोळे मिटून गातेय. मला वाटलं, रंगच आहे.

शालन : माझी पोरगी उद्या येणार न्हाई. दुसरी नवरी बगा.

सुनयना बाई : असं नका हो करू. उद्या सकाळी प्रदर्शन आहे. एका रात्रीत दुसरी मुलगी कुठून उभी करू मी?

शालन : ते तुमी बगा.

सुनयना बाई : तुम्ही आधी प्रोजेक्ट काय आहे ते तरी समजून घ्या. 'आपल्या गल्लीतली लग्नं'. कुणी स्वतःच्या घरचं करायचं नाही, शेजाऱ्याच्या घरचं करायचं. म्हणून तुमची ज्ञानेश्वरी आगऱ्यांची नवरी. ट्रान्सपोर्टवाल्यांचा सनी नवरदेव. वर्गातली एक मल्याळी मुलगी तुमच्या साताऱ्याकडच्या करवलीची नऊवारी नेसणार आहे. गाणं तेवढं जिला येतं तिनंच गायचं, म्हणून सुचिता झालीय धवलारीण, लग्नात धवले गाणारी, तिच्या आजीसारखी.

शालन : आजीसारखी व्हऊ दे की. माझी पोरगी कशापायी मधी?

सुनयना बाई : कशापायी? सांगू? या दोघी पोरी एका घरात राहतात. मधे एक भिंत. आणि वर्गात एका बाकावर बसत नव्हत्या. एक दुसरीला 'घाटी' म्हणायची आणि दुसरी पहिलीचा डबा उघडला की नाक दाबायची. मी दोन वर्षं बघतेय.

पुतळा : नाक दाबाया कोनी शिकवला तिला?

शालन : आन् घाटी म्हणायला कुणी शिकवलं, मावशी?

सुनयना बाई : बघा! हेच. हेच वर्गात चालतं. आणि गेले पंधरा दिवस त्या दोघी एका बाकावर आहेत. सुचिता तिला धवला शिकवतेय, ही तिला गणितं सोडवून देतेय. ते मोडू नका हो.

शालन : बाई, तुमचं बाक तुमच्यापाशी. पोरगी घरात आली तवा मी भाकरी थापत हुते. गल्लीच्या तोंडाला पोरं ओरडली म्हणं, "सनीची बायको, सनीची बायको." ती माझ्या मागं यून उभी ऱ्हायली. काय इचारलं ठावं हाय? "आई, माझं लगीन लागलं का? आता माझी शाळा बंद का?"

सुनयना बाई : मुलं चिडवतात हो. मी उद्या वर्गात सगळ्यांना उभं करते.

शालन : चिडवण्याचं न्हाई मी बोलत.

सुनयना बाई : मग कशाचं बोलताय?

शालन : आज मामंजी यायचेत गावाकडनं. संगं भागीरथी आत्याबाई. त्यांची बहीण. हे मार्केटातनं परस्पर ठेसनाकडं गेल्यात आणायला. येत्याल आता. त्यांच्या म्होरं पोरगी अशी पिवळी नको मला.

सुनयना बाई : आजोबा येतायत? अहो, मग तर छानच! त्यांनाही उद्या शाळेत आणा. नातीला नवरीच्या वेशात बघून खूश होतील.

शालन : व्हत्याल. लई खूश व्हत्याल.

सुनयना बाई : फोटो तर इतका गोड काढलाय मी तिचा. मुंडावळ्या बाजूला करून हसतेय, असा. मोठा करून हॉलच्या दारात लावायचा विचार आहे.

शालन : फोटू? फोटू बी काढला?

सुनयना बाई : हो. का?

शालन : पुसून टाका त्यो.

सुनयना बाई : पुसायला ती काय पाटी आहे? रोल आहे. कॅमेऱ्यातच आहे अजून.

शालन : मग त्यो रोल मला द्या. न्हाईतर... मला काय ठावं न्हाई, बाई. माझ्या पोरीला तुमची शाळा पायजे, तुमचं नाटक नको. आन् मावशी, तुमची हळद बी नको.

पुतळा : आमची हलद? का, घान हाय काय आमची हलद?

शालन : तसं न्हाई म्हणलं मी.

पुतळा : तसाच बोललीस. बोल ना, बोल. ऱ्हायाला आमची खोली चालते, हिरीचा पानी चालते, गनपतीला माजे हातचा मोदक चालते. हलद तेवरी चालत नाय.

शालन : मावशी, उगा वाकडं लावू नका.

पुतळा : मी वाकडा लावतंय? आगो, तू उभी हाय ना, त्या भुईवर माजे सासऱ्यानं भात लावलाय. पलीकरं मिठाचा खार होता. खार जेला, शेता जेली, वर बिल्डिंगी आयल्या. पोरांना पैसं मिलालं, गाऱ्या आयल्या. माजेकरं काय रयला? यो धवला रयला. या गावान जुनी लगना हायेत ना, निम्मी माजे गान्यानं लागलीत. आनि गेल्या उन्हाल्यान हिरामनच्या पोराची हलद झाली, माजे सख्ख्या पुतन्याच्या घरान. क्यासेट लावली. मोठ्ठा भोंगा. मना काय दिला? खुर्ची दिली. बोलले, आजी, तू दमली असशील, बस. खुर्ची!

शालन : मला ठावं नव्हतं, मावशी.

पुतळा : कसा ठावा असंल? तू खिरकी लावून घेतलीस त्या दिवशी. आवाज होते म्हनून. मग गेल्या मयन्यान माजी सुचिता आयली. बोलली, आजी, मना शिकव. जलमान पयल्यांदा कोनी माजे घरान बोलला, शिकव. शालेसाठी बोलली, तरी बोलली. मी पयला धवला शिकवला तिला. देवांना बोलवायचा धवला. गावदेवीला हाक, म्हसोबाला हाक, वेशीवरच्या देवाला हाक. आनि मग ती बोलते, आजी, बाई बोल्ली पिवला रंग आना. म्हंजी? देवांना नाव घेऊन बोलवायचा नि त्यांचे म्होरं रंगाची बाटली ठेवायची? देव काय नाटकातले हायेत? म्हनून मी खरी दिली.

सुनयना बाई : चुकलंच माझं. मी विचारायला हवं होतं तुम्हाला.

पुतळा : इचारायला पायजे होता. पन हिनं तरी घान बोलायला नको होता.

शालन : घाण न्हाई वो, मावशी! खरी हाय म्हणून भ्या वाटतं मला. रंग असता तर मी पोरीला तशीच बाहीर खेळायला धाडली असती.

पुतळा : हलदीला भ्याची काय गोष्ट हाय?

शालन : हाय.

सुनयना बाई : शालनताई, काय झालंय नेमकं?

शालन : काय व्हायचं? झालं ते झालं. तुमी जावा घरी, बाई. अंधार पडंल.

पुतळा : बाई कवरीशी दूर ऱ्हाते? जाईल. तू बोल.

शालन : आमच्या ताईचं लगीन हुतं. मी आपली हिच्याएवढी. ज्ञानीएवढी. नवरदेवाच्या घरनं उष्टी हळद आली ताट भरून. त्याला लावून उरलेली नवरीला लावत्यात आमच्याकडं. ताईला लावली. ताटात बोटभर उरली. मी आपली करवली, नवं परकर-पोलकं, ताईच्या मांडीला मांडी लावून बसलेली. ताईच्या सासऱ्यानं ती उरलेली हळद बोटावर घेतली, आन् माझ्या गालाला लावली. म्हणलं, "ही आमच्या धाकट्याची." सगळा मांडव हसला. माझा बा बी हसला. मी बी हसले, मला वाटलं मला बी नवरीसारखं नटवत्यात.

सुनयना बाई : ताईचे सासरे म्हणजे...

शालन : मामंजी. आज येतायत ते. मी वाढायला लागले तसं ते दारात आलं. म्हणलं, "हळद तर आमी तवाच लावली. आता नुसतं मांडव घालायचं ऱ्हायलंय." बा म्हणला, चेष्टा हुती ती. तर म्हणलं, "हसला हुता की तुमी. पंचात हसला हुता." झालं. बाचं हसू म्हंजी व्हकार. माझी साळा सुटली.

पुतळा : आगो बाय.

शालन : माणूस वाईट न्हाई माझा. कवा हात उचलला न्हाई. मामंजी बी वाईट न्हाईत, गूळ-शेंगा घिऊन येत्यात, पोरीला खांद्यावर घेत्यात. पण मला कुणी इचारलं न्हाई, बाई. तुमी आत्ता म्हणला ना, इचारायला पायजे हुतं? मला कुणीच न्हाई इचारलं.

सुनयना बाई : आणि आता ज्ञानेश्वरीला...

शालन : भागीरथी आत्याबाईंचा नातू हाय. राजवर्धन. दिवाळीत मामंजी म्हणलं, "जोडा शोभतोय." चेष्टेनं म्हणलं. चेष्टेनंच म्हणत्यात ते सगळं. आन् आज नेमकी ती पिवळी. दोघं दारातनं आत येत्याल, तिला बगत्याल, हसत्याल. उद्या तुमचा फोटू बगत्याल, मागून घेत्याल, गावाकडं भिताडाला लावत्याल. मग पाच वर्सांनी म्हणत्याल, नवरी तर आमी शाळंतच बघितली.

सुनयना बाई : हा घ्या कॅमेरा. मी आत्ता उघडते. उजेड लागला की सगळा रोल जातो.

शालन : थांबा. त्यात बाकीची पोरं बी हायेत?

सुनयना बाई : आहेत ना. सनी आहे. नऊवारीतली ती मल्याळी मुलगी आहे. सुचिता आहे गाताना. सगळा वर्ग आहे.

शालन : मग नका उघडू.

सुनयना बाई : असू दे हो.

शालन : नगं. दुसऱ्यांच्या पोरींचा फोटू कशाला जाळायचा? माझीचा तेवढा भिताडाला लावू नका.

सुनयना बाई : नाही लावणार. ज्या दिवशी ती स्वतः मागेल, त्या दिवशी तिच्या हातात देईन. दुसऱ्या कुणाच्या नाही.

पुतळा : ज्ञानी! ए ज्ञानी! रडायची थांब नि मोरीतून आयक माजा. तुजा लगीन नाय लागला. मी सांगतंय. या गावान माजे शबदाला कोनी नाय बोलत नाय. पयला धवला फकत देवांना बोलवायचा. मग तेलाचा वेगला, हलदीचा वेगला, मांडवाचा वेगला. शेवटचा गायल्याबिगर लगीन लागत नाय, नि शेवटचा मी सुचिताला शिकवलेलाच नाय. आथां शिकवनार पन नाय. देव आयले, बसले, पोरांचा गाना आयकला. तवराच झाला. समजलीस?

शालन : मान हलवतीया.

पुतळा : हलवू दे. आथां तिला भायेर आन. टॉवेलानं पुस नि आन.

शालन : मावशी, तिचं तोंड बगा की. मी बायेर नेणार न्हाई. पोटात दुखतंय म्हणून झोपवती.

पुतळा : आनि उंद्या? हलद दोन दिस जात नाय. खोबऱ्याचा तेल लावून तू तर आनखी मुरवलीस. किती झाकशील?

शालन : मग काय करू, तुमीच सांगा.

पुतळा : झाकू नको. सुचिता! वाटी आन गो देवाऱ्यातली. उरलेली सगली आन.

सुनयना बाई : आजी, काय करताय?

पुतळा : तुमी आमची हलद बगितलीत कवा, बाई? खरी, गावातली?

सुनयना बाई : नाही. आवाज ऐकलाय फक्त.

पुतळा : मग प्रोजेक काय डोंबलाचा करताय? आमचे हलदीन नवरी येकटी पिवली नसते. नवरीला लावली की मग सगले गावाला लागते. म्हातारे, पोरं, पावनं, रस्त्यानं जानारा पोस्टमन. आमचे हलदीन कोनी सुटत नाय. गाल करा पुरं, लावतंय.

सुनयना बाई : अहो, माझी साडी... बरं, लावा. लावा.

पुतळा : आथां तू.

शालन : मला?

पुतळा : तुना. का, आमची हलद नको ना?

शालन : टोचू नका, मावशी. लावा. लई गार लागतीया.

पुतळा : गारच असते. आथां मना लाव तू.

शालन : तुमाला? पण तुमी तर... आमच्याकडं कुंकू गेलं की हळदीला हात बी लावू देत न्हाईत.

पुतळा : माजा दादला जेला त्या सालापासून मी धवलं गातंय. तवापासून माजे हाताबिगर या गावान हलद लागली नाय. लाव. दोनी गालांना लाव, चिमटीनं नको.

सुनयना बाई : शालनताई, किती जपून लावताय!

शालन : पयल्यांदाच लावतीया मी कुणाला. माझ्या मनानं.

पुतळा : झाला. सुचिता, गल्लीतली पोरं बोलव. सगली. त्या चिडवनाऱ्यांना पयली.

सुनयना बाई : आजी, मग उद्या असंच करू या का? नवरा-नवरी काढूनच टाकू. नुसती हळद. येईल त्या माणसाला लावायची, मुख्याध्यापकांनासुद्धा.

पुतळा : मी येते. पन खुर्ची द्यायची नाय मना. खाली बसून गाईन.

शालन : बाई, आमच्याकडं हळद दळताना जात्यावर ओव्या म्हणत्यात. मला येत्यात दोन-चार. आवाज चांगला न्हाई माझा.

सुनयना बाई : तुम्ही पण याल?

शालन : आधी आजची रात काढू द्या. मावशी, तोंडं पिवळी केली सगळ्यांची, पण ते बोललंच तर?

पुतळा : बोलतीलच.

शालन : तुमी सांगाल न्हवं त्यांना? तुमी वडीलधाऱ्या.

पुतळा : नाय. गायाचा काम माजा. बोलायचा तुजा. पोर तुजी हाय.

(गल्लीतली पोरं जमतात, ज्ञानेश्वरी त्यांच्यात मिसळते. सगळ्यांचे गाल पिवळे. गलका ऐकत दारात शालनचे सासरे कोंडिबा, हातात पिशवी, मागे भागीरथीबाई; शालनचा नवरा अजून गल्लीच्या तोंडाशी सामान उतरवतोय.)

कोंडिबा : आरं आरं आरं! हे काय म्हणायचं? समदी गल्ली पिवळी! शालन, आज हळद कुणाची हाय?

शालन : शाळेची हाय, मामंजी.

कोंडिबा : शाळंची? शाळंला कवापासनं हळद लागाया लागली? आन् ही आपली ज्ञानी न्हवं? वळखू आली न्हाई की! भागे, बघ, बघ. नवरीवाणी दिसतीया. राजवर्धनाला सांग म्हणावं, तुझी...

शालन : मामंजी.

कोंडिबा : आं?

शालन : म्होरलं बोलू नका.

कोंडिबा : आगं, चेष्टा करतोय मी.

शालन : चेष्टाच करता तुमी. तवा बी केली हुती. माझ्या गालाला बोट लावलं, सगळा मांडव हसला, माझा बा बी हसला. मी हसणार न्हाई, मामंजी. आज हितं समद्यांनाच लागलीय. माझ्या गालाला हाय, बाईंच्या हाय, मावशींच्या हाय. ह्यातली नवरी कुणीच न्हाई. ज्ञानी तर न्हाईच न्हाई.

कोंडिबा : आत्ताच पाय ठेवला आन् तू...

शालन : पाय धुवायला पाणी काढलंय. जेवाण तयार हाय. तुमचा मान कुठं कमी करती मी? पण हे आधी सांगायचं हुतं. पाय धुवायच्या आधी.

कोंडिबा : ही कोण म्हणायची, घरमालकीण? बाई, तुमी शिकवलं व्हय हिला हे?

पुतळा : मी धवलं शिकवतंय, बाबा. बोलायला तिला तिची पोर शिकवते. दारान उभा कनाला? आत ये, गाल पुरं कर.

कोंडिबा : मला? आवो, माझं वय काय, मला कसली हळद?

पुतळा : आमचे हलदीन कोनी सुटत नाय.

सुनयना बाई : लावून घ्या, आजोबा. मी शाळेतली बाई. मला पण लावलीय.

कोंडिबा : लावा मग. आगं आगं, ज्ञानी, हळू! डोळ्यात जाईल माझ्या. बास, बास. पोरीचा हात बी तुझ्यासारखाच हाय गं, शालन. गार.

शालन : बसा, मामंजी. च्या टाकते.

कोंडिबा : टाक. शालन...

शालन : जी?

कोंडिबा : कितवीत हाय ही?

शालन : पाचवीत.

कोंडिबा : आन् तू कितवीत हुतीस गं, साळा सुटली तवा?

शालन : आठवीत, मामंजी. सहामाहीचा एक पेपर ऱ्हायला हुता. भूगोलाचा.